तपासनिसाची सही

१९८६ सालच्या जानेवारीच्या उत्तरार्धात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एक विपरीत प्रकार घडू लागला. मूत्रपिंडाच्या विकारासाठी आलेले नसतानाही काही रुग्णांचे मूत्र अकस्मात थांबू लागले. कोणाच्या मेंदूवर दाब वाढलेला होता, तर कोणाच्या डोळ्यात. हा दाब उतरावा म्हणून रुग्णाला पोटातून ग्लिसरीन देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. ग्लिसरीन हे इतके सौम्य द्रव्य की त्याच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही येऊ नये. फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरेपर्यंत १४ रुग्ण मृत्युमुखी पडले होते.

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की रुग्णांना औषधी म्हणून जे ग्लिसरीन दिले गेले, ते औषधी दर्जाचे नव्हतेच. ते कारखान्यात वापरावयाचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष होते. हे द्रव्य दिसावयास ग्लिसरीनसारखेच दाट व पारदर्शक आणि चवीला गोड. किंमत मात्र कमी. ते पोटात गेल्यावर प्रथम मळमळ व ओकारी होते आणि मग मूत्रपिंडे निकामी होतात. परिचारिकेने चमच्याने पाजलेले औषधच रुग्णाचा घात करीत होते आणि हे त्या बिचारीला ठाऊकही नव्हते.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी रुग्णालयात नोकरीस आहे. कोणी परिचारिका, कोणी औषधनिर्माता, कोणी प्रयोगशाळेत, कोणी भांडारात, कोणी लेखनिक. रुग्णसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपाळावर ठेवलेला मायेचा हात येतो. नोंदवही, परवाना, नमुना, तपासणीचा दाखला या गोष्टी आपल्याला रूक्ष वाटतात. सेवेशी त्यांचा संबंध आहे असे सहसा मनात येत नाही. परंतु वर सांगितलेल्या एका गोड विषाचा इतिहास पाहिला, तर या रूक्ष कागदांवरच माणसांचे जीव कसे अवलंबून असतात याची प्रचिती येते. त्यासाठी जे. जे. रुग्णालयाच्या आधी ४९ वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागते.

१९३७ साली सल्फानिलामाइड या औषधाचा मोठा बोलबाला होता. पेनिसिलिन अद्याप बाजारात यावयाचे होते. घसा सुजणे, जंतुसंसर्गाचा ताप, परमा अशा विकारांवर हे औषध गुणकारी ठरत होते. अडचण एवढीच होती की ते गोळ्या व भुकटीच्या रूपातच मिळे आणि लहान मुलांना ते पाजणे कठीण जाई. टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीने आपल्या मुख्य रसायनतज्ज्ञाला, हॅरोल्ड वॉटकिन्स याला, त्याचे पातळ औषध बनविण्यास सांगितले. त्याने शोध घेतला आणि डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये हे औषध उत्तम विरघळते असे त्याला आढळले. मग त्यात रासबेरीचा स्वाद मिसळला गेला. कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मिश्रणाचा रंग पाहिला गेला, वास पाहिला गेला, चव पाहिली गेली आणि सर्व काही पसंतीस उतरले. ते एखाद्या उंदराला तरी पाजून पाहावे असे मात्र कोणाला सुचले नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या वॉटकिन्सने कोणताही कायदा मोडला नव्हता. अमेरिकेत त्या वेळी १९०६ सालचा अन्न व औषधांविषयीचा कायदा लागू होता. नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे बंधन त्यात नव्हते. कायद्याने जेवढे मागितले तेवढे त्या नोकरदाराने दिले होते. जे मागितले नव्हते ते त्याने आपणहून केले नाही, इतकेच. डायएथिलीन ग्लायकॉल प्राण्यांना अपायकारक असल्याचे संशोधन तोवर छापून आलेले होते. ग्रंथालयात जाऊन ते वाचण्यास फार तर अर्धा दिवस लागला असता.

२४० गॅलन औषध तयार झाले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये देशभर रवाना झाले. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. पुढे बळींची संख्या शंभरावर गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. टल्सा येथील एका मातेने आपली सहा वर्षांची मुलगी गमावल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि अशा औषधांच्या विक्रीला आळा घाला अशी विनवणी केली. मिसिसिपीतील एका डॉक्टरचे पत्रही प्रसिद्ध झाले. ज्यांना आपण वर्षानुवर्षे औषध देत आलो, ज्यांत आपला एक जिवलग मित्रही होता, त्यांना आपल्याच हाताने मृत्यू दिला या जाणिवेने त्याने भोगलेले रात्रंदिवसाचे क्लेश त्यात आहेत. रुग्णसेवेतील ज्या माणसाला आपल्या कामाचे ओझे कळते, त्याने ते पत्र मुद्दाम मिळवून वाचावे.

आणि मग सरकारी कर्मचारी कामाला लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तेव्हा निरीक्षक व रसायनतज्ज्ञ मिळून २३९ माणसे होती. त्यांपैकी जवळजवळ सर्वांना या एकाच कामावर लावण्यात आले. परंतु कायद्याची दुर्बलता पाहा. माणसे मारणारे औषध जप्त करण्याचा अधिकार त्या खात्याला नव्हता. या औषधाला कंपनीने ‘एलिक्सिर’ हे नाव दिले होते आणि त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त औषध असा होतो. बाटलीत मद्यार्क नव्हता. तेव्हा नाव चुकीचे, म्हणून माल जप्त! नावाला केवळ ‘द्रावण’ म्हटले असते तर कायद्याचे हात बांधलेलेच राहिले असते.

त्या निरीक्षकांनी मात्र कायद्याने मागितले त्याहून अधिक केले. हजारो विक्रीपत्रे तपासली, दुकानदार, प्रवासी विक्रेते आणि डॉक्टर यांचा माग काढला. काही औषधे चिठ्ठीवर नावगाव न लिहिताच विकली गेली होती, त्या गिऱ्हाइकांना घरोघरी हुडकले. एका तीन वर्षांच्या मुलाला हे औषध दिले गेले होते आणि त्याचे कुटुंब डोंगराळ भागात कोठेतरी निघून गेले होते. त्याला शोधण्यासाठी एका डॉक्टरने आपले लग्न पुढे ढकलले आणि खात्याच्या रसायनतज्ज्ञाबरोबर तो हिंडला. २४० गॅलनपैकी २३४ गॅलनहून थोडे अधिक औषध परत मिळविले गेले. जे सहा गॅलन लोकांच्या पोटात गेले, त्यांनी शंभराहून अधिक प्राण घेतले. उरलेले वाटले गेले असते तर काय झाले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

कंपनीच्या मालकाने आपण कोठेही चुकलो नाही असे सांगितले. चुकीच्या नावाबद्दल २६,१०० डॉलर दंड मात्र त्याला भरावा लागला. वॉटकिन्सने आत्महत्या केली. २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा सरकारला सादर करणे बंधनकारक झाले.

या विषाचा अभ्यास ज्या प्रयोगशाळेत चालला होता, त्यांपैकी एक शिकागो विद्यापीठात होती. तेथे गायलिंग या प्राध्यापकांच्या हाताखाली एक तरुण कॅनेडियन विद्यार्थिनी काम करीत होती. तिचे नाव फ्रान्सिस ओल्डहॅम. फ्रान्सिस हे नाव पाहून प्राध्यापकांनी तिला पुरुष समजून नेमणुकीचे पत्र धाडले होते, असा मौजेचा किस्सा आहे. उंदरांना तेच औषध पाजून ते कसे मरतात हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुढे ती डॉक्टर झाली, विवाहानंतर फ्रान्सिस केल्सी झाली आणि ऑगस्ट १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनात रुजू झाली.

रुजू होऊन महिनाही झाला नव्हता तोच तिच्या टेबलावर एक अर्ज आला. झोपेचे एक औषध होते. युरोपात ते १९५७ पासून विकले जात होते, जर्मनीत तर डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळे. गरोदर स्त्रियांना सकाळी होणाऱ्या मळमळीवरही ते दिले जाई. थॅलिडोमाइड हे त्याचे नाव. नव्या बाईंना सोपे काम द्यावे म्हणून हा अर्ज त्यांच्याकडे दिला गेला, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

१९३८ च्या कायद्यात एक मोठी फट होती. अर्ज आल्यापासून ६० दिवसांत खात्याने हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप संमत होई. म्हणजे कर्मचाऱ्याने काहीही न करणे हीच संमती! केल्सी यांना पुरावा अपुरा वाटला. त्यात आकडेवारीपेक्षा शिफारशीच अधिक होत्या. औषध शरीरात कसे शोषले जाते याविषयी धड माहिती नव्हती. त्यांनी अर्ज अपूर्ण असल्याचे कळविले. कंपनीने आणखी कागद पाठविले आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ लागले. त्यांनी पुन्हा अपूर्ण म्हटले. कंपनीची माणसे फोन करीत, कार्यालयात येऊन बसत, वरिष्ठांकडे तक्रारी करीत. अशा सुमारे ५० भेटी, पत्रे आणि फोन झाले. फेब्रुवारी १९६१ मध्ये केल्सी यांच्या वाचनात ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका डॉक्टरचे पत्र आले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, असे त्यात लिहिले होते. ही गोष्ट कंपनीने आपणहून का कळविली नाही, असा त्यांनी प्रश्न केला. जे औषध मोठ्यांच्या मज्जातंतूंना इजा करते, ते गर्भातील बाळाला काय करील, हाही प्रश्न त्यांनी विचारला.

उत्तर नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून आले. हातपाय न वाढलेली, खांद्यालाच पंजे फुटलेली अर्भके जन्मास येत होती, त्यांचा आणि या गोळीचा संबंध बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी दाखवून दिला. जगभरात अशा बालकांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. अमेरिकेत ती बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आणि त्यांतीलही काही कंपनीने चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांमुळे होती. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सी यांना पदक दिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यातील ती फट बुजविण्यात आली. केल्सी ९० वर्षांच्या होईपर्यंत नोकरीत राहिल्या आणि २०१५ साली १०१ व्या वर्षी निवर्तल्या.

त्यांनी काही अलौकिक केले नाही, हेच मला त्यांच्या कथेतील महत्त्वाचे वाटते. त्यांनी कोणते गुपित फोडले नाही, मोर्चा काढला नाही. टेबलावर आलेला अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि समाधान होईपर्यंत सही केली नाही. नोकरी नवी, दडपण मोठे, युरोपातील अनेक देशांची संमती समोर, तरीही सही केली नाही.

आपल्या ख्रिस्ती परंपरेला हा विचार परका नाही. रुग्णालयांचे आश्रयदाते संत कामिल्लुस दे लेल्लिस (१५५०–१६१४) हे तरुणपणी सैनिक होते आणि जुगारापायी अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले होते. पायाची जखम घेऊन ते रोममधील सान जाकोमो रुग्णालयात गेले, तेथेच नोकर म्हणून राहिले, जुगारामुळे हाकलले गेले आणि मनःपरिवर्तनानंतर पुन्हा तेथेच येऊन कारभारी झाले. पगारी सेवक रुग्णांची कशी हेळसांड करतात, हे कारभारी या नात्याने त्यांनी पाहिले. त्यातून त्यांचा संघ जन्मास आला. लोक त्यांचे मातृहृदय आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण रुग्णसेवकांनी रुग्णालयात कसे वागावे याचे नियमही त्यांनी लिहून काढले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. प्रेम करणाऱ्या माणसालाही नियमाची गरज असते, हे त्या जुन्या जुगाऱ्याने ओळखले होते.

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण जी कबुली देतो, तीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात झालेल्या कसुरीचाही उच्चार असतो. आपण तो शब्द भराभर म्हणून जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसृत केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात दुसऱ्याच्या पापात आपण कोणकोणत्या रीतीने भागीदार होतो ते सांगितले आहे. पाप करणे आणि करविणे तर आहेच, परंतु जे उघड करणे किंवा रोखणे हे आपले कर्तव्य होते ते उघड न करणे, न रोखणे, हीसुद्धा त्यांतील एक रीत आहे. भांडारात बसलेल्या माणसासाठी याहून स्पष्ट शब्द कोणते हवेत?

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९३७ साली अमेरिकेत कायदा नव्हता, १९६० साली होता पण त्याला फट होती. १९८६ साली महाराष्ट्रात काय होते? सर्व काही होते. कर्नल चोप्रा यांच्या समितीच्या शिफारशींनंतर १९४० साली आपल्याकडे औषधांचा कायदा झाला होता. उत्पादकाला परवाना लागत होता. औषधांचे निरीक्षक होते, शासकीय विश्लेषक होते, राज्याचे स्वतंत्र अन्न व औषध प्रशासन होते. रुग्णालयात निविदा मागविण्याची रीत होती. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आहे ही गोष्ट तर ४९ वर्षे जगजाहीर होती.

शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांच्यासमोर जी साक्ष झाली ती मुंबईची वृत्तपत्रे रोज छापीत आणि लोक थक्क होऊन वाचीत. १९८८ साली अहवाल जनतेपुढे आला. त्यात रुग्णालयाच्या खरेदीची पद्धत, तेथील अधिकारी व डॉक्टर, औषध प्रशासन आणि थेट मंत्री, कोणाचीही गय केलेली नव्हती. मुंबईतील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर परखड लेख लिहिला. आपल्याच क्षेत्राविषयी परदेशी नियतकालिकात असे लिहिणे सोपे नव्हते. पुढे १९९३ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, त्यातही पंड्या अग्रभागी होते.

या प्रकरणाचा विचार करताना मला एकच खलपुरुष दिसत नाही. कोणी पैसे खाल्ले असतील, त्यांचा निवाडा वेगळा. परंतु एवढ्या मोठ्या रुग्णालयात एक डबा कारखान्यापासून रुग्णाच्या ओठांपर्यंत येतो, तेव्हा वाटेत अनेक टेबले लागतात. प्रत्येक टेबलावर कोणीतरी सही करतो. त्यांतील बहुतेक माणसे घरी गेल्यावर सज्जनच असतील, मुलांचा अभ्यास घेत असतील, रविवारी देवळात किंवा मंदिरात जात असतील. पुढच्याने पाहिले असेल म्हणून मागच्याने पाहिले नाही, आणि मागच्याने पाहिलेच असेल म्हणून पुढच्याने. एका जरी टेबलावर फ्रान्सिस केल्सी बसलेल्या असत्या, तरी त्या १४ जणांची घरे उघडी पडली नसती.

हे विष नंतरही थांबलेले नाही. १९९८ साली गुरगाव येथे खोकल्याच्या औषधातून त्याने तीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. हैती, पनामा, या देशांनी ते भोगले. २०२२ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्याशा देशात सुमारे ७० बालके मूत्रपिंडे निकामी होऊन गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ज्या औषधांकडे बोट दाखविले, ती भारतात बनलेली होती. त्यानंतर भारत सरकारने १ जून २०२३ पासून असा दंडक घातला की परदेशी पाठवावयाचे खोकल्याचे प्रत्येक औषध आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून दाखला घेतला पाहिजे. देशात विकल्या जाणाऱ्या औषधांना हा दंडक त्या वेळी लागू करण्यात आला नाही.

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. छिंदवाड्याहून मोठे रुग्णालय जवळ पडते ते नागपूरचे, म्हणून त्यांतील कित्येक मुलांना आईबापांनी महाराष्ट्रात आणले होते. मूत्र थांबलेले होते. औषध देशातल्या देशात विकले गेले होते, त्यामुळे निर्यातीसाठीच्या त्या दाखल्याचा प्रश्न त्याच्या बाबतीत कोठे आलाच नव्हता.